पुढचा थांबा, माझ्या आवाजात

लांब पल्ल्याच्या बसमध्ये ‘पुढील थांबा अमुक’ असं सांगणारी बाई असते ना, ती माझी मावशी. म्हणजे बसमध्ये फक्त तिचा आवाज असतो. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या मार्गावर सगळ्या थांब्यांची नावं नव्याने ध्वनिमुद्रित करायची होती, कारण आधीच्या बाईंनी ती अशी काही उच्चारली होती की लोक पोट धरधरून हसायचे. मावशीने ठरवलं, प्रत्येक गावाचं नाव त्या गावच्याच तोंडून ऐकायचं. मला सुट्टी होती. आई म्हणाली, ने बाई हिला, घराला तेवढीच शांतता. वर्गात मला भोंगा म्हणतात. पूर्वी रडू यायचं, यंदापासून मी ती पदवी मानते.

मावशीने एक गोष्ट कबूल केली होती. एक थांबा माझ्या आवाजात. पण ऐकणाऱ्याला तू त्याच्या घरातली वाटलीस तरच, म्हणाली, नाहीतर नाही. मला तो एक थांबा इतका हवा होता की झोपेतसुद्धा माझे ओठ हलत.

खिडकीला डोकं टेकलं की देश डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त आत यायचा. समुद्राकडचे लोक गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर खातात. मावशी म्हणे, वारा ते तसंही पळवतो, मग उगाच कष्ट कोण घेईल? डोंगरात नाव चढण चढतं आणि वर पोचून दम खातं. एका खाणीच्या गावात तर ते इतकं हळू घेतात, जणू शेजारच्या खोलीत बाळ निजलंय.

पण माइक पुढे केला की सगळे शाळेत हजेरी दिल्यासारखे बोलायचे. एका सायकलवाल्याने तर आधी हात पुसले, मग घसा खाकरला, मग नाव सांगितलं. आम्ही वळतो तोच बायकोला फोनवर म्हणाला, अगं इथेच आहे, गाव सोडून कुठे जातोय, आणि त्यात गावाचं नाव असं काही लाडात घेतलं की मावशीने माझा हात घट्ट दाबला. तेव्हापासून माइक पिशवीत गेला आणि आम्ही नुसते कान उघडे ठेवून हिंडलो.

शेवटी मैदानी मुलूख आला. दुपारची बस, सगळे पेंगलेले. बाहेर पिवळं गवत इतकं पसरलेलं की बस चालतेय की तरंगतेय, कळेना. इथे हाक लांब पोचवायची असते, म्हणून नावाचं मधलं अक्षर ओढतात. सकाळी तिकीट खिडकीवर एका म्हाताऱ्याच्या तोंडून मी एका गावाचं नाव ऐकलं होतं. ते मनात घोळवता घोळवता कधी ओठांवर आलं, मलाच कळलं नाही. चांगलं मोठ्याने आलं.

पुढच्या सीटवर एक काकू तोंडावर रुमाल टाकून झोपल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, “आले गं ताई, चप्पल सापडू दे.” उठल्या, पिशवी घेतली, दार ठोठावून बस थांबवली आणि उतरल्यासुद्धा. भर मैदानात. गाव अजून बरंच पुढे होतं.

ड्रायव्हरकाकांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी आपणहून कान धरले. मावशीने सगळ्यांची माफी मागितली. काकू परत चढल्या आणि थेट माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हटलं, झालं, आता आपली धडगत नाही. पण त्या गवताकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, लहानपणी बसमध्ये ताईच उठवायची. ती गेल्यापासून मी थांबा चुकायच्या भीतीने बसमध्ये झोपतच नाही. आज कसा कोण जाणे डोळा लागला.

तू आमच्याकडची का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं, अटीसकट. मावशी खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा कान आमच्याकडेच होता.

गाव आलं. पत्र्याचा निवारा, एक बाक. बस थांबली, दार उघडलं. काकू हलेनात.

“म्हण की,” त्या म्हणाल्या.

मावशीने पिशवीतून माइक काढून माझ्यासमोर धरला. मी काकूंकडे पाहिलं आणि नाव घेतलं, हळूच, झोपलेल्याला दचकवायचं नसतं तसं.

“आले गं,” म्हणत काकू उठल्या.