जन्मापासूनची उष्णता

अर्ज नामंजूर झाला. पाच विरुद्ध शून्य मतांनी.

दिगंबर उकिडवेने मेलबॉक्सपाशी उभ्याउभ्या ते पत्र वाचलं, मागे जोडलेले कागद पाहिले, पुन्हा पहिल्या पानावर आला, आणि मग असं काही झालंच नाही असं ठरवून टाकलं. पत्राच्या त्याने चार घड्या घातल्या, ड्राइव्हवेतल्या स्टेशन वॅगनचं दार उघडलं, ग्लव्ह बॉक्समध्ये मिशिगनच्या नकाशाखाली ते सरकवलं, आणि पिझ्झ्याची कूपनं हातात धरून तो घरात आला.

"आलं का हो?" सुहासिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कूपनं आलीत."

"मी सैन्याचं विचारतेय."

"सैन्य कूपनं पाठवत नाही."

"आठ महिने झाले. एवढ्या वेळात एखादं युद्ध उरकलं असतं त्यांनी."

दिगंबरने कूपनं फ्रिजवर लोहचुंबकाखाली नीट लावली. अर्ज प्रलंबित होता, आणि पुढचे अकरा दिवस तो प्रलंबितच राहिला.

मुलाच्या सैन्यातल्या कागदावरचा शेरा बदलावा म्हणून बोर्डाकडे अर्ज करायचा हट्ट मुळात सुहासिनीचा. मागच्या वर्षी श्रीरंग जॉर्जियातल्या सैन्याच्या प्रशिक्षण छावणीतून सातव्या आठवड्यातच घरी आला, तेव्हा त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर 'ऑनरेबल' लिहिलं नव्हतं. 'डिसऑनरेबल'ही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं 'अनकॅरॅक्टराइज्ड'. म्हणजे हा इसम इतके थोडे दिवस आमच्याकडे होता की शेरा मारावा असं त्याने बरंवाईट काही केलेलंच नाही. पण सुहासिनीने शब्दाची संधी सोडवली आणि तिच्या हाती 'अन' आणि 'कॅरॅक्टर' एवढंच लागलं. ट्रॉयच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला तिने हातातली पळी साबुदाण्याच्या खिचडीत तशीच रोवून तीन बायकांना ऐकवलं, "वीस वर्षांचा घोडा, पण मैत्रिणीचा फोन आला तर अजून दार लावून बोलत नाही. आणि सरकार म्हणतं चारित्र्यहीन!"

त्यानंतर महिनाभर मंडळात सगळे श्रीरंगशी जरा जास्तच प्रेमाने बोलत होते.

श्रीरंगला स्वतःला कॅरॅक्टरचं काही वाटत नव्हतं. त्याला आगीच्या बंबावर जायचं होतं. शेजारच्या गावच्या फायर डिपार्टमेंटच्या सगळ्या परीक्षा त्याने पास केल्या होत्या. शिडी झाली, दोर झाला, पोत्यात भरलेला दोनशे पौंडांचा पुतळा खांद्यावरून उतरवून झाला. अडलं ते डिस्चार्जच्या कागदावरच्या कारणापाशी. 'उष्णता सहन होत नाही. भरतीपूर्वीपासून. जन्मजात.' असल्या माणसाला आग विझवायला पाठवणं तिथल्या चीफच्या मनाला पटेना. चीफ भला होता. म्हणाला, "सप्टेंबरअखेरपर्यंत कागद बदलून आण, तोवर जागा ठेवतो."

म्हणून श्रीरंग रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी बागेच्या रबरी नळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन हायस्कूलच्या मैदानावरच्या पायऱ्या चढायचा नि उतरायचा. कॉलनीतले लोक कुत्री फिरवताना त्याला हात करायचे. आता त्यांना सवय झाली होती.

हे 'जन्मजात' कुठून आलं, हे दिगंबरला कधीच उमगलं नव्हतं. जूनच्या उन्हात कवायतीत पोराचा घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं, सार्जंटने त्याला झाडाखाली बसवलं. एवढंच. आणि उष्णतेबद्दल दिगंबरला कुणी शिकवावं अशातला भाग नव्हता. गेली अठरा वर्षं तो मोटारींचे हीटर डिझाइन करत होता.

त्या दिवशी मेलबॉक्सपाशी मात्र त्याला उमगलं. पत्रामागे जोडलेला तिसरा कागद रेघी वहीतल्या पानाची झेरॉक्स होती. अक्षर ओळखायला त्याला चष्मा लागला नाही. त्याच अक्षरात रोज फ्रिजवर याद्या असत.

'रिस्पेक्टेड कॅप्टन सर, माय सन श्रीरंग हॅज हीट सिन्स बर्थ.'

इंग्रजी सुहासिनीचं होतं, मजकूर तिच्या आईकडून चालत आलेला. उष्णता त्याला माझ्या बाजूने आलेली आहे. लहानपणी सुटीत साताऱ्याला नेला की हटकून घोळणा फुटे. अंडी खाल्ली की तोंड येतं, तरी नाश्त्याला रोज अंडी देऊ नयेत. रात्री सब्जा भिजत घालून सकाळी द्यावा. उन्हात जाताना हेल्मेटखाली कांदा ठेवू द्यावा. सोबत गुलकंदाची बरणी पाठवत आहे, थंड दुधातून एक चमचा. आपणही घ्यावा, आपलं काम उन्हातलं आहे.

त्याखाली लष्करी डॉक्टरने टाइप केलेल्या चार ओळी होत्या. 'उष्णतेचा विकार, जन्मापासून. कौटुंबिक इतिहास: आईकडून. भरतीच्या वेळी उमेदवाराने लपवला. घरगुती उपचार गुलाबाच्या पाकळ्यांचे. बरणी नष्ट केली.' त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. 'उमेदवाराने आईच्या पत्राला तोंडी दुजोरा दिला.'

डॉक्टरची उष्णता थर्मामीटरमध्ये राहणारी होती. सुहासिनीची उष्णता म्हणजे तोंड येणं, डोळे चिकटणं, तळपायांची आग, अकाली पिकलेले केस, आणि एकदा तर श्रीरंगचं अल्जिब्रात नापास होणं. दोघांनी एकाच शब्दावर सह्या केल्या होत्या.

बोर्डाने शेवटी लिहिलं होतं, की पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीने आपलं म्हणणं चुकीचं होतं असं लेखी कळवल्यास फेरविचार होऊ शकेल. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य मिळवायचं तर आधी सुहासिनीला सांगावं लागणार होतं की मुलगा घरी कशामुळे आला. दिगंबरला पिझ्झ्याची कूपनं सोपी वाटली.

शनिवारी श्रीरंग वॅगनचं ऑइल बदलत होता. गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. दिगंबर त्या पायांशी स्टूल घेऊन बसला. चेहरा दिसत नसला की त्याला मुलाशी बोलायला बरं पडे.

"श्री, आईने तुझ्या कॅप्टनला एक पत्र लिहिलं होतं."

गाडीखालचा पाना थांबला.

"आय नो, बाबा."

"तुला माहितीये?"

"कॅप्टनने दाखवलं होतं. ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलावर लेटर आणि ती बॉटल. म्हणाला, प्रायव्हेट ओकी-डोकी, इज धिस ट्रू?"

'उकिडवे' हे नाव छावणीत पहिल्या दिवशीच 'ओकी-डोकी' झालं होतं.

"मग तू काय म्हणालास?"

"येस सर म्हणालो."

"अरे पण का?"

"मग काय म्हणू? माय मॉम इज लाइंग, सर?" पाना पुन्हा फिरायला लागला. "आणि ती लाय नव्हती करत. मला हीट आहे. ऑल माय लाइफ मी हेच ऐकलंय."

"त्यांना वाटलं वेगळंच काहीतरी."

"हो, ते मला नंतर समजलं. बसमध्ये बसल्यावर." खाली डब्यात काळं ऑइल धारेने पडू लागलं. "बाबा, वाईट त्या बॉटलचं वाटलं. डॉक्टरने घेण्याआधी दोनच चमचे खाल्ले होते. इट वॉज हेल्पिंग, काइंड ऑफ."

दिगंबरने ग्लव्ह बॉक्समधल्या पत्राविषयी सांगितलं. पाच विरुद्ध शून्य. ते एक वाक्यही सांगितलं. धार बारीक होत थेंबांवर आली.

"आईला सांगायचं नाही," शेवटी श्रीरंग म्हणाला.

"आणि चीफ?"

"ही'ल फाइंड समबडी. दुसरे जॉब आहेत ना."

मग त्याने नट आवळला. आवळून झाल्यावरही बराच वेळ आवळत राहिला. सोमवारी सकाळी रबरी नळी गॅरेजमध्ये खुंटीला टांगलेली होती, मंगळवारीही. सुहासिनीने विचारलं तर तो म्हणाला, गुडघा. तिने गुडघ्याला लावायला हळदीचा लेप दिला, आणि त्याने तो मुकाट्याने चांगल्या गुडघ्याला लावून घेतला.

अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, सुहासिनी भाजी घेऊन आली. पिशव्या ओट्यावर ठेवल्या, पर्स ठेवली, आणि चार घड्यांचा तो कागद जेवणाच्या टेबलावर दिगंबरच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"ट्रॅफिकच्या मामाने अडवलं मला," ती म्हणाली. "मागचा दिवा लागत नाही म्हणाला."

"बल्ब गेला असेल," दिगंबर कागदाकडे न बघता म्हणाला. "बदलतो आज."

"रजिस्ट्रेशन मागितलं. मी ग्लव्ह बॉक्स उघडला, गरुडाचं चित्र असलेला सरकारी कागद दिसला, दिला हातात."

"बरं."

"तो वाचत बसला. चारी पानं. मागे गाड्या थांबल्या. माझं पत्र तर त्याने दोनदा वाचलं." ती खुर्ची ओढून बसली. "मग म्हणतो, मॅम, हे रजिस्ट्रेशन नाहीये. आणि आय अ‍ॅम सॉरी अबाउट युअर बॉय. दंडाचं तिकीट नाही दिलं. जाताना मला विचारतो, कांदा नेमका कुठल्या बाजूला ठेवायचा?"

दिगंबर हसला नाही. तीही हसली नाही.

"मग बसून मीही वाचलं," ती म्हणाली.

तिने घडी उलगडून डॉक्टरच्या ओळींवर बोट ठेवलं.

"यात लिहिलंय, त्याने तोंडी दुजोरा दिला. त्याला कळलं असणार ना हो, साहेब काय समजलाय ते?"

"नंतर कळलं म्हणतो."

"नंतर कळलं तर नंतर सांगायचं! वर्ष झालं. मी इथे सगळ्यांपुढे सैन्याला शिव्या घालतेय, आणि हा शेजारी उभा राहून पापड खातोय. कधी एका अक्षराने बोलला नाही."

"पत्राखाली तुझी सही होती, सुहास."

सुहासिनी उठली आणि शेगडी बंद आहे का ते बघून आली. शेगडी बंदच होती. परत येऊन तिने पदराने टेबलावरचं काहीतरी पुसलं. टेबल स्वच्छ होतं.

"टाइपरायटर आणा," ती म्हणाली.

दिगंबरने टाइपरायटर आणला, कागद चढवला. "हे बघ, त्यांना एकच वाक्य हवंय. मी लिहिलेलं चुकीचं होतं, माझ्या मुलाला उष्णता नाही. तू सही कर. मी सोमवारी रजिस्टर्ड पाठवतो. चीफ अजून दहा दिवस थांबणार आहे."

"पण आहे ना त्याला."

"सुहास."

"अहो, जन्मला तेव्हा हातात घ्यायला गेलं तर चटका बसायचा. डेट्रॉइटमध्ये बाहेर बर्फ, आणि हा अंगावर एक दुपटं ठेवू देईना. नर्सला विचारा. सरकारला खोटं लिहून देऊ?"

"त्यांची उष्णता वेगळी. डिग्रीतली."

"मग माझी कशातली?"

 अठरा वर्षं हीटर केलेल्या माणसाने दोन बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तो थांबला. मागच्या दारातून श्रीरंग आत आला. त्याने टेबलावरचा कागद पाहिला, आईकडे पाहिलं, आणि दारातच उभा राहिला.

"आई, इट्स ओके. रिअली. तू नको लिहू काही."

"तू गप्प बस," सुहासिनी म्हणाली. "एकदा येस सर म्हणून झालंय तुझं." मग तिने हात लांब करून त्याची बाही धरली, आणि ती धरूनच बोलायला लागली. सावकाश, शाळेतल्या बाई शुद्धलेखन सांगतात तसं. तिचे वडील साताऱ्याला तहसील कचेरीत कारकून होते. अर्जाची भाषा तिला घरातूनच मिळालेली होती. दिगंबरने इंग्रजी करत करत टाइप केलं. एकदोनदा त्याची बोटं अडखळली, पण त्याने एक शब्दही गाळला नाही, की सुधारला नाही.

'विषय: उष्णतेच्या नोंदीत दुरुस्ती होण्याबाबत.

महोदय,

मी अर्जदाराची आई. मागील पत्रात मी कळवलेली उष्णता खरी आहे, परंतु ती अर्जदाराची नाही. ती मूळची माझी असून जन्माच्या वेळी नजरचुकीने त्याच्याकडे गेली. त्याने ती वीस वर्षं विनातक्रार सांभाळली, आणि आपल्या साहेबांनी विचारलं तेव्हाही ती माझी आहे असं सांगितलं नाही. सबब नम्र विनंती की, सदर उष्णता अर्जदाराच्या नावावरून आजच्या तारखेने कमी करून कायमस्वरूपी माझ्या नावावर चढवण्यात यावी. मला कुठेही भरती व्हायचं नाही.'