तीनदा पाहिलेली तक्रार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत मी नऊ दिवस एकच काम करत होतो: क्लाउडवरचा गेटवे मेसेजच्या रांगेला जोडणं. साहेबांच्या मते ते दोन तासांचं काम होतं. साहेबांच्या मते सगळंच दोन तासांचं असतं. त्यांचं लग्नही तेवढ्यातच उरकलं होतं म्हणे.

सांगायला सोपंच आहे. कुणाची लिफ्ट बंद पडली की तो ॲपवर तक्रार टाकणार. ती आधी गेटवेपाशी, म्हणजे फाटकापाशी येणार. फाटक तिला रांगेत उभं करणार, आणि मेकॅनिकचा फोन दर पाच मिनिटांनी डोकावून पुढची तक्रार उचलणार. तक्रारीसोबतच पत्ता आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीचा कोड. म्हणून रांगेला कुलूप हवं, आणि कुलपासाठी कुलूपबाई.

कुलूपबाई म्हणजे आमचा सुरक्षा विभाग. विभागात त्या एकट्याच. पहिल्या दिवशी फाटक रांगेला म्हणालं, ही तक्रार आत घे. रांग म्हणाली, तू कोण? वैतागून मी सगळ्यांना सगळ्याची परवानगी देऊन टाकली. झटक्यात सुरू झालं. मी अकरा मिनिटं सुखी होतो.

"दार काढून ठेवलंत आणि म्हणताय, वारा छान येतो," बाई म्हणाल्या.

मग फाटकाला फक्त तक्रार टाकायची परवानगी दिली. तर रांगेच्या किल्लीची परवानगी वेगळी निघाली. ती मिळवली तर किल्ली म्हणाली, फाटकाचं नाव चुकलंय. आठव्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला ओळखपत्र दाखवलं. तिने ते नीट वाचून मगच आत घेतलं.

नवव्या दिवशी सकाळी अकराला जुळलं. पहिली खरी तक्रार माझ्या आत्याची. सहावा मजला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तीन वाजता समोरच्या दवाखान्यात टाके काढायचे आणि लिफ्ट बंद. "सरळ मेकॅनिकला फोन करते," असं ती म्हणाली होती. "फोन कशाला, ॲपवर टाक," असं मी म्हणालो होतो.

तक्रार रांगेत दिसली. "बघू," म्हणत साहेबांनी उघडून पाहिली. मिनिटाभराने पुन्हा पाहिली, कारण पहिल्यांदा चष्मा नव्हता. मग मी पाहिली. मला कुणी बघायला सांगितलं नव्हतं. नऊ दिवसांचा घाम होता, डोळे भरून बघावंसं वाटलं. त्यानंतर ती रांगेत नव्हती.

"उचलली!" साहेबांनी माझी पाठ थोपटली.

एक वाजता आत्याचा फोन. "अरे मेल्या, कुठाय तुझा माणूस? दोन तास पर्स मांडीवर घेऊन दारात बसलेय. शेजारीण विचारतेय, कुणाची वाट बघताय?"

मी मेकॅनिकला फोन लावला. "मला काही आलं नाही बुवा. शब्दकोडं सोडवत बसलोय."

"मग तसेच जा ना!"

"जातो की. कोडशिवाय मशीनच्या खोलीचं दार काय गाणं म्हणून उघडू?"

आत्याला पुन्हा तक्रार टाकायला सांगितली. ॲप म्हणालं, तुमची तक्रार आधीच नोंदवलेली आहे, कृपया धीर धरा. त्यावर आत्या ॲपला जे म्हणाली, ते मी साहेबांना सांगितलं नाही.

शेवटी बाईंना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे न बघता आमच्याकडे बघितलं. "किती वेळा उघडून पाहिलीत?"

"सहज आपली..." मी म्हणालो.

"तीनदा," साहेब म्हणाले. माणूस प्रामाणिक आहे.

भानगड अशी होती. रांगेला वाटतं, उघडून बघणारा म्हणजे मेकॅनिकच. अर्ध्या मिनिटात त्याने तक्रार मिळाल्याचं कळवलं नाही, की रांग एक अपयश मोजते. तीन अपयशं झाली की तक्रारच बिघडलेली ठरते आणि बाजूच्या मृत रांगेत जाते, जिथे मेकॅनिकचा फोन डोकावतच नाही. आमचे तिन्ही कटाक्ष मेकॅनिकच्या फोनची पाळी यायच्या आतच टाकून झाले होते.

"म्हणजे तुम्ही दोघांनी आत्याबाईंना बघून बघून मारलंत," बाई म्हणाल्या. "ही तीनची मर्यादा ठेवली कुणी?"

"मीच," मी म्हणालो.

"मी तक्रार परत मूळ रांगेत टाकते. पण आधी तुम्हा दोघांची बघायची परवानगी काढा."

"अहो, कंपनी माझी आहे!" साहेब म्हणाले.

"म्हणूनच."

"मग ती पोचली की नाही, आम्हाला कळणार कसं?"

"नाही कळणार."

सव्वादोन झाले होते. मी आधी साहेबांची परवानगी काढली. ते सोपं गेलं, जरा मजाही आली. मग माझी. तिथे बोट अडलं. स्वतः जोडलेली रांग, आणि तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही. पण दारात बसलेली आत्या डोळ्यांसमोर आली आणि मी बटण दाबलं. बाईंनी तक्रार हलवली आणि डबा उचलून जेवायला गेल्या.

पडदा कोरा. "पाच मिनिटं झाली असतील ना?" साहेबांनी विचारलं.

"दोन."

अडीचला मेकॅनिकला फोन केला. उचलला नाही. पावणेतीनला आत्याला लावला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता, ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

साहेबांचा चेहरा उतरला. "अरे, सहा मजले जिन्याने निघाल्या की काय? पुन्हा लाव. लाव लवकर."

मी फोन टेबलावर पालथा ठेवला, डोकं खुर्चीला टेकलं आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच डोळे मिटले.

"जिन्यात रेंज असते, साहेब," मी म्हणालो. "लिफ्टमध्ये नसते."