शिंगाड्यांच्या तळ्यातली डोंगी

मित्रांनो, मी एक जुनी डोंगी आहे, म्हणजे छोटी होडी. लखनौजवळ, चिनहटच्या पलीकडच्या तळ्यात माझं आयुष्य गेलं. एका सुतारानं आंब्याच्या फळ्या ठोकून मला केलं, वर डांबर फासलं. दिसायला काळीकुट्ट, पण गजेंद्र मला राणी म्हणायचा. माझ्यात बसून तो तळ्यातले शिंगाडे काढायचा. त्यावरच त्याचं घर चालायचं.

उन्हाळ्यात तळं आटायचं. मग मी उपडी पडून राहायची.

अशाच एका मे महिन्यात, नव्वदच्या पुढची सालं ती, शहर वाढवायचे आराखडे आखणारे, नकाशावाले साहेब आले. भेगाळलेली जमीन बघून म्हणाले, पडीक आहे, होऊ देत घरं. गजेंद्रनं हातापाया पडून बघितलं. कोण ऐकतो! लगेच चुन्यानं प्लॉट आखले.

प्लॉट बघायला चारुदत्तसाहेब आले, रेल्वेतले इंजिनियर. बरोबर बायको, कांचनताई. साहेब पावलं मोजत फिरले, "हा हॉल, हे किचन." दमले आणि माझ्यावरच टेकले.

"अहो, कोरड्यात नाव कशाला ठेवलीय? हवा खायला?" कांचनताईंनी विचारलं.

गजेंद्र म्हणाला, "भाभीजी, आपका किचन हमारे सिंघाड़े में है. सावन में आइए, नाव से घुमा देंगे."

साहेब टुणकन उठले. "अरे यार!"

प्लॉट राहिला बाजूला. जमिनीचा वापर बदलायला हरकत घेता येते, ती कांचनताईंनी नवऱ्याच्या मागे लागून घेतली. सुनावणीला गजेंद्रलाही नेलं. मागणं एकच, पावसाळ्यात येऊन बघा, मग ठरवा.

श्रावणात नकाशावाले साहेब परत आले. बूट हातात घेऊन माझ्यात बसले. मधोमध गजेंद्रनं बांबू खाली सोडला, तो अर्धा बुडाला. साहेबांनी माझी कड घट्ट धरली.

"बस भैया, समझ गए. वापस चलो."

"साहब, अभी तो बेडरूम बाकी है!"

दिवाळीच्या आधी निकाल आला. तळं तळंच राहील, काठालाही बांधकाम नाही. गजेंद्र माझ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला, मग नाक पुसून शिंगाडे काढायला लागला. हुश्श! मलाही सुटल्यासारखं झालं.

पण मित्रांनो, नियम झाला म्हणून झोपू नका. काठावर मलब्याची, म्हणजे राडारोड्याची, पहिली ट्रॉली दिसली की तिथंच ओरडा. दहा ट्रॉल्या पडेपर्यंत तिथं रस्ता झालेला असतो. परवा गजेंद्रच्या बायकोनं एका ट्रॉलीवाल्याला असं हाकललं, गडी चप्पल टाकून पळाला. तुम्हीही तेवढं करा. मी आहे इथंच, पाण्यात.