उंदरीच्या भावाची ओळ

मित्रांनो, शाळेने टाकून दिलेला फळा म्हणजे मी. वडगावच्या एका शाळेत माझ्यावर पुष्कळ वर्षे बेरजा-वजाबाक्या झाल्या. मग पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मी भंगारात गेलो. तिथून नागुबाईंनी मला उचलले आणि अनगोळातल्या आपल्या चिकनच्या दुकानासमोर टांगले. शिक्षण वाया गेले असे मला वाटत नाही.

माझ्या वरच्या भागावर आजचा भाव असतो. खाली नागुबाईंची सून सौम्या येत्या दिवसांचा अंदाज लिहिते. तो वाचून पोल्ट्रीवाले कोंबड्या कधी विकायच्या ते ठरवतात.

यंदा श्रावण संपता संपता तिने लिहिले, 'उंदरीला भाव चढेल. घाई नको.' उंदरी म्हणजे गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी गणपतीच्या उंदराला कोंबडी-मटणाचा नैवेद्य असतो. गणपती मोदकांवर भागवतो, उंदीर भागवत नाही.

पोल्ट्रीवाल्या मल्लाप्पांच्या शेडमध्ये कोंबड्या तयार होत्या. थांबावे तर रोज खाद्याचा खर्च, विकाव्यात तर पडेल भाव. माझ्यासमोर ते विचार करत उभे होते. तेवढ्यात दुकानाला अंडी पुरवणारे पुण्याकडचे ठोक व्यापारी साईनाथशेठ कोंबड्या उचलायला गाडी घेऊन आले.

"गणपतीत भाव पडतो, अण्णा. हा बघा पाच वर्षांचा आलेख." त्यांनी मोबाईल पुढे केला.

"कुठला हो आलेख?" सौम्याने विचारले.

"पुण्याचा."

"मग कोंबड्याबी तिकडच्याच घ्या की."

शेठ नागुबाईंकडे वळले. "आक्का, ती खालची ओळ पुसा. नाहीतर उद्यापासून माझी अंडी तुम्हाला बंद."

नागुबाईंनी ओला फडका उचलला. मी श्वास रोखला. फळ्याला जमेल तेवढा. त्यांनी वरची अंड्याच्या भावाची ओळ पुसली.

"सौम्या, अंडी न्हायत म्हणून लिव्ह गं."

मल्लाप्पा हसले. "आक्का, तू अंडी सोडलीस, आन् मी शेठची गाडी भरू व्हय?" ते घरी गेले. गाडी रिकामी गेली.

उंदरीच्या सकाळी दुकानाची रांग कोपऱ्यापर्यंत गेली. मल्लाप्पांच्या कोंबड्या चढ्या भावाने खपल्या. शेठची अंडी अजून आलेली नाहीत. गिऱ्हाईक विचारते, नागुबाई माझ्याकडे बोट दाखवतात.

मित्रांनो, फळ्याची निगा सोपी आहे. पावसात आत घ्या, रोज फडका फिरवा. लिहिलेले चुकले तर जरूर पुसा. कुणाला टोचले म्हणून मात्र हात लावू नका.