जनूशेठच्या मांडवातल्या खुर्च्या

उन्नतीचा साखरपुडा रांगेत होणार, हे तिच्या वडिलांनी, म्हणजे जनूशेठनी, महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. त्याला कारण होतं मुलाच्या आईचं एक वाक्य. मुलगा यज्ञेश अंबरनाथचा, वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ही मंडळी बोलणी करायला बदलापूर गावात आली तेव्हा जनूशेठच्या अंगणात निम्मा गाव जमला होता. निघताना मुलाची आई, कुंदाताई, हसून म्हणाल्या, "आमची माणसं मोजकीच हो. एका रांगेत मावतात." त्यांच्या मनात काही नसेलही, पण जनूशेठना ते लागलं. गाव सगळा येईल, पण बसेल रांगेत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

साखरपुड्याच्या सकाळी मंडपवाल्या कल्पेशने मैदानात दोरी धरून, चुन्याची फक्की मारून चारशे पांढऱ्या खुर्च्या मांडल्या. उन्नती माझी विद्यार्थिनी, म्हणून मी सकाळपासून तिथेच होतो. रांगा इतक्या सरळ होत्या की त्यांत बसायला कोणी धजेना. तेवढ्यात चहा आला, सगळे चहाकडे गेले, आणि परत येऊन पाहतो तर खुर्च्या हलल्या होत्या. इथे चार जवळ आलेल्या, तिथे सहा, मधे मोकळं.

कल्पेशने पोरांना दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा रांगा लावल्या. पुन्हा तेच. घड्याळाचा तासकाटा सरकताना जसा दिसत नाही, तशा त्या सरकत होत्या. जमीन उतरती असेल म्हणून लिंबू ठेवून पाहिलं, ते जागचं हललं नाही. खुर्च्या सुतळीने बांधल्या, तर सुतळीसकट सरकल्या. जनूशेठनी सहा पुतण्यांना सहा दिशांना पहाऱ्यावर बसवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर सहाही जण एकाच कोपऱ्यात पत्ते कुटत बसले होते, आणि आपण तिथे कधी आलो हे एकालाही सांगता येईना.

दुपारपर्यंत आकार पक्का झाला. खुर्च्यांच्या लांबच लांब माळा. दोन-तीन माळा जिथे मिळतात तिथे दाट घोळका. आणि माळांच्या मधे मोठमोठी रिकामी वर्तुळं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या वर्तुळात एकटं स्टेज उभं होतं. दुसऱ्या एका वर्तुळात एकच खुर्ची राहिली होती, तिच्यावर अण्णा, जनूशेठचे थोरले काका, जेवून झोपले होते.

जनूशेठ माझ्याकडे आले. "सर, तुमी विज्ञान शिकवलाय. सांगा यांना काहीतरी."

"कोणाला, खुर्च्यांना?"

"मंग कोनाला?"

खुर्च्यांना काय सांगणार? पण शेजारी त्यांची नात जिज्ञासा उभी होती, चौथीतली, आणि तिने विचारलं की या अशाच का बसतात. मूल विचारतं तेव्हा उत्तर द्यायलाच हवं. मी म्हणालो, आकाशातही असंच आहे. आपल्या सूर्यासारख्या अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती असते, तिला दीर्घिका म्हणतात. अशा असंख्य दीर्घिका आहेत, पण त्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांच्या अशाच माळा आहेत, माळा मिळतात तिथे दाट पुंजके आहेत, आणि मधे प्रचंड पोकळ्या. फार पूर्वी, तारेही नव्हते तेव्हा, सगळं जवळजवळ सारखं पसरलेलं होतं. कुठे किंचित जास्त, कुठे किंचित कमी. जिथे जास्त, तिथे ओढ जास्त; म्हणून तिथे आणखी गोळा झालं, ओढ आणखी वाढली. मोकळं होतं ते जास्त मोकळं होत गेलं.

"पोकळीत काहीच नसतं?" जिज्ञासाने विचारलं.

मी अण्णांकडे बोट दाखवलं. एखादी चुकार दीर्घिका असते. तिला ते पटलं. मग मी हेही सांगितलं की ही ओढ नुसती दीर्घिकांची नाही, बरीचशी न दिसणाऱ्या पदार्थाची आहे. दिसतो त्याच्या कितीतरी पट तो आहे.

"नाय दिसनारा?" जनूशेठ म्हणाले. "मंग त्याला आमंत्रन कोनी दिला?"

मी त्यांची समजूत घालायला म्हणालो की हे सगळं आकाशातसुद्धा जवळून असं दिसतं. पुरेसं लांबून, म्हणजे खूपच मोठा तुकडा घेऊन पाहिलं, तर इथे जेवढ्या दीर्घिका तेवढ्याच जवळपास तिथेही. सारखं, एकसंध.

"किती लांबून?"

प्रश्न सरळ होता, म्हणून मी मैदानाकडे पाहून मनातल्या मनात हिशेब केला आणि उल्हास नदीपलीकडचं टेकाड दाखवलं. पुढे काय होईल याचा मला अंदाज नव्हता.

तासाभरात जनूशेठच्या हुकमावरून टेकाडावर गालिचा, कूलर आणि पाहुण्यांसाठीचे दोन सोफे पोचले. मुलाकडच्यांच्या गाड्या पुलावरून परस्पर तिकडेच वळवल्या. साखरपुडा इथे आहे का, असं कुंदाताईंनी विचारलं म्हणे; नाही, इथून तो छान दिसतो, असं त्यांना सांगण्यात आलं. मंडळी सभ्य होती. बसली.

मग कुंदाताईंचा फोन आला. जनूशेठनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "भाऊ, किती सुरेख मांडलंय. रांगोळीची पूड भुरभुरावी तसं अगदी एकसारखं. कोण कुठे बसलंय काही म्हणजे काही कळत नाही."

जनूशेठचे डोळे भरून आले. घोळक्यात त्यांची बायको वेणू बहिणींमधे चिणून बसली होती, तिलाही त्यांनी हात केला.

मुहूर्त जवळ आला तेव्हा भटजींनी नवरदेवाची चौकशी केली. अंगठी नदीच्या त्या बाजूला होती आणि उन्नतीचं बोट या बाजूला. जनूशेठ म्हणाले, व्हिडिओ कॉल करू. भटजींनी पंचांग उघडलं.

उन्नती पुढे झाली. ती म्हणाली, "पप्पा, तिकडून त्यांना मी पण ठिपकाच दिसणार. यातली कुठली मी, ते त्यांना कसं कळेल?"

जनूशेठनी एकदा टेकाडाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग स्टेजवर चढून, चार माणसांकडे पाठ करून, फोन लावला. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, जवळनं तसा नाय. जवळनं सगली गर्दी हाय. रांग एक पन नाय. चालंल ना तुमाला?"

पलीकडून हॉर्न ऐकू आले.

"चालेल का ते आता विचारू नका भाऊ," कुंदाताई म्हणाल्या. "सोफा निघालाय. आम्ही पुलावर आहोत, आणि मागचे रिक्षावाले घाई करतायत."

सगळे वळून पाहू लागले. दोन्ही सोफे खरंच पुलावर होते, एकामागे एक. पाहुणे मांडीवर पर्स आणि नारळ सांभाळत ताठ बसले होते. यज्ञेश बाजूने चालत होता, कारण त्याला सोफ्यावर जागा मिळाली नव्हती.

सोफे मैदानात शिरले. पुढे स्टेजजवळ राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेकडे ते गेलेच नाहीत. एक माळ धरून ते थेट सगळ्यात दाट घोळक्यात घुसले आणि वेणूच्या बहिणींच्या मधे अडकून थांबले. कुंदाताईंच्या गुडघ्याला वेणूचा गुडघा लागला. कोणीतरी त्यांच्या मांडीवर एक लहान मूल ठेवलं, आणि ते कोणाचं हे विचारायला वेळच मिळाला नाही. भटजींनी पाट उचलले आणि तिकडे नेले, कारण दुसरं कोणी हलण्याची चिन्हं नव्हती.

जनूशेठ स्टेजजवळच्या रिकाम्या वर्तुळात एकटेच उभे होते. त्यांनी पाऊल उचललेलं मी पाहिलं नाही. पण अंगठी घालायच्या वेळी ते कुंदाताईंच्या सोफ्याला अगदी खेटून उभे होते, आणि कुंदाताई त्यांना, जरा सरका ना हो, काही दिसत नाही, असं म्हणत होत्या.