कड्यावरची लपणी

मित्रांनो, आज मी एक जुनी, फाटकी लपणी आहे. पण माझा जन्म साडी म्हणून झाला. पक्ष्यांना दिसू नये म्हणून माणूस ज्या लहानशा तंबूत लपून बसतो, त्याला पुस्तकात लपण म्हणतात. निर्मळ गावच्या मथुराबाई मला लपणी म्हणायच्या, म्हणून मी लपणी.

मी त्यांच्या नेमाची साडी होते. सुती, नऊवारी, शेवाळी रंगाची. सकाळी अंघोळ झाली की त्या मला नेसायच्या, तुळशीला पाणी घालायच्या, देवापुढे दिवा लावायच्या आणि मगच चहाचा घोट घ्यायच्या. अंगात ताप असला तरी यात खंड नाही. त्यांचे सोळा सोमवार मी जवळून पाहिले आहेत. एवढी पूजा पाहिलेल्या कापडाच्या मनात हेवा येऊ नये. पण आला, आणि तो सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

मथुराबाईंचे यजमान आत्माराम मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर केळीची वाडी सांभाळता सांभाळता त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला. किनाऱ्यापासून होडीने बरंच आत गेलं की समुद्रात एक काळा कडा आहे. वैशाखात सुरय नावाचे समुद्रपक्षी तिथे अंडी घालतात. अंगाने पांढरे, डोक्यावर काळी टोपी, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. काड्यांचं घरटं वगैरे काही नसतं. कड्याच्या कपारीत, उघड्या दगडावरच अंडी. त्या कड्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

मास्तर कड्यावर चढले की सगळे पक्षी उडून जायचे आणि अंडी उन्हात तापत राहायची. मास्तर मग फोटो न काढताच परत यायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. असं तीनदा झालं, तेव्हा मथुराबाईंनी मला पेटीतून काढलं. मी तोवर विरत चालले होते. त्यांनी मला कापून दुहेरी केलं, पायमशीनवर शिवलं, वाडीतल्या बांबूच्या चार कामट्या घातल्या. समोर कॅमेऱ्यापुरती फट ठेवली आणि ती बंद करायला एक लाकडी बटण लावलं.

"अगं, नेमाची साडी तंबूला?" मास्तर म्हणाले.

"तिला उपासाची सवय आहे," मथुराबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जास्त वेळ बसेल."

कामाची पद्धत अशी. सॅन्टन नावाच्या कोळ्याच्या होडीतून तिघं जायची. मला कपारीसमोरच्या दगडावर उभं केलं की मास्तर आणि मथुराबाई दोघंही माझ्या आत शिरायची. थोड्या वेळाने मथुराबाई एकट्याच बाहेर पडायच्या आणि सगळ्यांना दिसेल अशा चालत होडीकडे जायच्या. पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस गेला असं समजून ते परत अंड्यांवर येऊन बसायचे. आत मास्तर श्वास धरून, आणि दूर होडीत मथुराबाई तुळशीची माळ ओढत.

"बाय, पक्ष्यांना फसवायचं आनि वर देवाचं नाव घ्यायचं?" सॅन्टन चिडवायचा.

"म्हणून तर घेते," मथुराबाई हळूच म्हणायच्या.

सात वैशाख मी त्या कड्यावर बसले. अंगावर खारं ऊन, वर पक्ष्यांची शीट. पण मास्तरांना हवे तसे फोटो मिळाले. वसईच्या एका हॉलमध्ये ते मांडले, तेव्हा माणसं एकेका फोटोपुढे थांबायची. "काय कॅमेरा आहे मास्तर," म्हणायची. मला त्या दिवशी सामान झाकायला नेलं होतं. मी टेबलाखालून सगळं ऐकलं. ते सगळे फोटो माझ्या आत बसून काढलेले, आणि एकाही फोटोत मी नाही.

तेव्हापासून मला कॅमेऱ्याचा हेवा वाटू लागला. त्याला मऊ अस्तराची पेटी होती. ओल लागू नये म्हणून आत औषधाच्या पुड्या होत्या. दसऱ्याला मथुराबाई पाटावर कोयते, खुरपी आणि शेजारी पाण्याचा पंप, मास्तरांची सायकल अशी सगळी हत्यारं पुजायच्या. त्यात कॅमेरा मधोमध, झेंडूची माळ घालून. कापडाला कोणी हत्यार म्हणत नाही. मी समोर दोरीवर वाळत असायचे आणि बघत असायचे.

पुढे मास्तरांचे गुडघे धरले. कडा चढवेना. त्यांची मुलगी रुचिता गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहते, नोकरी करते. बाबा खिडकीत बसून असतात हे तिला बघवेना. अक्षय्य तृतीयेला ती एक ड्रोन घेऊन आली.

"बाबा, आता होडीत बसूनच फोटो काढायचे. चढायला नको, त्या तंबूत घामाघूम व्हायला नको."

मी तेव्हा कामट्या काढलेली, माळ्यावर केळीच्या रिकाम्या क्रेटवर पडले होते. माझी एक बाजू उंदराने कुरतडली होती. "त्या तंबूत" हे दोन शब्द मला फार लागले.

मथुराबाई म्हणाल्या, "नवी वस्तू तशीच उडवायची नाही गं." त्यांनी ड्रोन पाटावर ठेवला. ओवाळला. ओलं कुंकू कालवून त्याला चार ठिकाणी ठसठशीत बोटं लावली. मी वरून मोजलं. चार. मला सात वर्षांत एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मला खाली ओढलं, ते ड्रोनला होडीत धक्के बसू नयेत म्हणून. ज्याचा हेवा करायचा, त्यालाच मांडीवर घेऊन मी समुद्रात गेले. त्याचं कुंकू इतकं घट्ट वाळलं होतं, की त्याचा कणसुद्धा माझ्या अंगाला लागला नाही.

कड्यापासून थोडं लांब होडी थांबली. रुचिताने ड्रोन उडवला. मास्तर रिमोटच्या पडद्याकडे लहान मुलासारखे बघत होते. मी होडीच्या तळाशी, ओल्या जाळ्यावर. त्या घटकेला मी एकच मागणं मागितलं. मी म्हटलं, पड.

"बाबा, याला पुढचं काही दिसतच नाहीये," रुचिता म्हणाली. "नुसती वॉर्निंग येतेय."

"मग मागे घे."

ती मागे घेईपर्यंत तो कड्यावर आपटला आणि कपारीत पडला, अगदी अंड्यांच्या शेजारी. तिथे तो घरघरत राहिला, लाल दिवा उघडझाप करत. कड्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले. आभाळभर त्यांची किरकिर सुरू झाली. माझं मागणं पुरं झालं होतं आणि कपारीतली सहा अंडी उन्हात उघडी पडली होती.

"ही चीज तिथं हाय तोवर एक पन पक्षी उतरायचा नाय," सॅन्टन म्हणाला. "आनि त्या बघा, घारी आल्या."

"मी चढते," रुचिता म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मास्तर उठायला गेले, पण गुडघ्याने त्यांना परत बसवलं. मथुराबाई अंड्यांकडे बघत होत्या. त्यांनी जाळ्यावरून मला उचललं. "हिला घेऊन जा. आधी अंड्यांवर सावली धर, मग ते यंत्र काढ."

रुचिता मला खांद्यावर टाकून चढली. माझी दोन टोकं तिने खडकाच्या सुळक्यांना बांधली, दोन टोकांवर दगड ठेवले. बाजूंनी मी मोकळी होते, पण अंड्यांवर माझी सावली पडली. घारींना वरून आता नुसतं शेवाळी कापड दिसत होतं. मग तिने ड्रोन बंद केला आणि उलटा करून पाहिला.

"आई," तिने वरून विचारलं, "तू कुंकू कुठे लावलंस?"

मथुराबाईंनी होडीतून मान वर केली. "त्याचं कपाळ कुठलं ते मला कळेना. चार डोळे दिसले, म्हणून डोळ्यांनाच लावलं."

रुचिता रागावली नाही. तिने समोरचा अडथळा हेरणारे ड्रोनचे ते डोळे पदराने पुसल्यासारखे ओढणीने पुसले आणि ती खडकाला टेकून जरा वेळ बसली. मित्रांनो, सात वर्षं मी ज्या कुंकवासाठी झुरले, त्याच कुंकवाने ड्रोनला आंधळं केलं होतं. मथुराबाईंच्या मनात भक्ती होती. वाईट मागणं माझं एकटीचं होतं.

"मास्तर, पानी उतरतंय," सॅन्टनने सांगितलं. "होडी खडकाला लागंल."

रुचिता माझी गाठ सोडायला लागली, तशा मथुराबाई म्हणाल्या, "राहू दे तिला. आत्ता काढलं तर परत ऊन लागेल. पक्षी तिला ओळखतात. ती बसेल."

होडी गेली. इतकी वर्षं दोघं आत यायची आणि एक बाहेर पडायचं. त्या दिवशी सगळे बाहेर पडले आणि मी एकटीच मागे राहिले.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग एक मादी उतरली. मान वाकडी करून तिने माझ्याकडे पाहिलं. सात वैशाखांची ओळख होती आमची. ती पुन्हा उडाली, मला वाटलं गेली. पण ती समुद्रात पोट बुडवून आली आणि ते ओलं पोट तिने तापलेल्या अंड्यांवर टेकवलं. तिच्या पिसांतलं पाणी दगडावर सुकताना मी हातभर अंतरावरून पाहिलं. पाठोपाठ बाकीच्याही उतरल्या. तो फोटो कोणत्याच कॅमेऱ्यात नाही.

सहातल्या पाच अंड्यांतून पिल्लं निघाली. एक अंडं तसंच राहिलं. त्याच्याकडे बघताना मला माझं मागणं आठवायचं. पावसाने माझी अर्धी बाजू फाडून नेली. नारळी पौर्णिमा झाल्यावर सॅन्टनने मला आणून दिलं. मी शिटेने बरबटले होते. सोवळं पाळणाऱ्या मथुराबाईंनी मला हातांनी धुतलं आणि उन्हात घातलं.

त्या दसऱ्याला त्यांनी माझी घडी करून मला पाटावर ठेवलं, कोयत्यांच्या शेजारी. कुंकवाचं बोट हवेत थांबलं.

"हिचं कपाळ कुठलं गं?"

"कुठेही लाव," रुचिता म्हणाली, "फक्त हिला डोळा असला तर तिथे नको."

मथुराबाई हसल्या आणि त्यांनी कुंकू माझ्या लाकडी बटणाला लावलं.

खरं सांगू? पलीकडे कॅमेऱ्याच्या गळ्यात माळ होती आणि माझ्यापुढे एकच फूल होतं. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. हेव्याची सवय एका दिवसात जात नाही. पण त्या कॅमेऱ्याला ओल्या पोटाची मादी माहीत नाही, हे आठवलं आणि मी गप्प बसले.

मित्रांनो, त्या कड्याचं नाव मला विचारू नका. नाव कळलं की माणसं येतात, आणि आमच्या घरच्यांसारखी चांगल्या मनाने आलेली माणसंही अंडी उघडी पाडतात. कुठे अंड्यांवर बसलेला पक्षी दिसला, तर चार पावलं मागे फिरा. तुम्ही मागे फिरलात हे कोणाला दिसणार नाही, त्याचं कौतुकही होणार नाही. पण तुमच्या पाठीमागे कोणीतरी ओलं पोट घेऊन परत उतरेल.