तिसरं उत्तर

परदेशात नर्स व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती, आणि दीप्तीचं घोडं उताऱ्यापाशीच अडलं होतं. विधान वाचून ‘खरं’, ‘खोटं’ की ‘उताऱ्यात नाही’, एवढंच लिहायचं. ‘शेतकरी स्वतःचा तांदूळ खातात’ यापुढे तिनं बेधडक ‘खरं’ लिहिलं. उत्तर निघालं, ‘उताऱ्यात नाही’.

“धान पिकवणारा भात नाही तं काय माती खाते?” पुस्तक आपटून ती घरभर येरझाऱ्या घालू लागली. त्यांच्या धानाच्या गावात, कामठ्यात, पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट, तीही लिहून द्यावी लागते?

तांदूळ पाखडता पाखडता आईनं विचारलं, “तिकडे गेल्यावर वापस येशीन ना वं?”

दीप्ती जागीच थांबली. ‘खरं’ म्हणवेना, ‘खोटं’ही म्हणवेना. तिसरं उत्तर आता कुठं तिला कळलं, पण ते आईला द्यायचं कसं?